डिस्पेन्सर बिघडलाय की जबलपूर तापलंय?



आजचा विषय आहे घरातला पाण्याचा डिस्पेन्सर. वर वीस लिटरचा जार पालथा घालायचा, खाली निळा नळ थंड पाण्याचा, लाल नळ गरम पाण्याचा, आणि काही यंत्रांत मधे एक साध्या पाण्याचा. मी जबलपुरात घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. या यंत्राच्या तक्रारी माझ्याकडे वर्षातून दोन मोसमांत येतात. एप्रिल-मेमध्ये ‘थंड पाणी थंड येत नाही’, आणि डिसेंबर-जानेवारीत ‘गरम पाणी गरम येत नाही’. आता यंत्राला काही पंचांग कळत नाही. मग ते नेमक्या त्याच महिन्यांत कसं बिघडतं? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर तुमचा बराच खर्च वाचेल. नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, तुम्ही जिथून ऐकत असाल तिथे हेच लागू आहे, फक्त महिने थोडे पुढेमागे होतील.

मागच्या मे महिन्यात नेपियर टाऊनमधल्या एका मराठी घरातून फोन आला. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी. निळ्या नळाचं पाणी कोमट येऊ लागल्यापासून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. बाहेर ४३ अंश, आणि आजी दिवसभरात तीन-चार पेल्यांवर. सूनबाई काळजीत होत्या. आधी एक माणूस येऊन बघून गेला होता. त्याने निदान केलं होतं, “गैस निकल गई है, माताजी. भरानी पड़ेगी.” अंदाज अडीच हजारांचा. पैसे द्यायचे की नवंच यंत्र घ्यायचं, एवढंच त्यांना मला विचारायचं होतं. मी यंत्र भिंतीपासून ओढलं, मागची बाजू बघितली आणि सांगितलं, “वहिनी, गॅस निघून कुठे जाणार? या यंत्रात गॅस नसतोच.”

बाजारात थंड करणारे डिस्पेन्सर दोन जातींचे मिळतात. दिसायला पुढून अगदी जुळी भावंडं. पहिल्या जातीत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. मागे काळ्या नळ्यांची जाळी, खाली काळा गोल डबा, उचलायला जड. तो घुर्रर्र करत चालू होतो, थोड्या वेळाने गप्प बसतो, पुन्हा चालू होतो. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, आर-१३४ए किंवा आर-६००ए. दुसऱ्या जातीत गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. तिथे चार सेंटिमीटरचा एक चपटा चौकोन असतो, त्याला चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक छोटा पंखा. पट्टीवर ‘थर्मोइलेक्ट्रिक’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक कूलिंग’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. यंत्र हलकं असतं, पंख्याचा बारीक आवाज सतत येतो, आणि किंमत कमी असते. म्हणूनच ते जास्त घरांत दिसतं.

दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की जोडाची एक जागा गार होते आणि दुसरी तापते, हे पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवून दिलं. तो मूळचा घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने थंडाव्याचा शोध लावावा, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला फार आवडतं. आज धातूंऐवजी अर्धवाहक वापरतात, पण तत्त्व तेच. आणि त्या तत्त्वाची मर्यादाही तीच. चौकोनाची एक बाजू पाण्याला चिकटलेली, दुसरी बाजू खोलीच्या हवेत. खोलीची हवा जितकी गरम, तितकी गार बाजूही वर सरकते. घरगुती यंत्रात खोलीपेक्षा अठरा-वीस अंशांचा फरक मिळाला, तर ते यंत्र उत्तम स्थितीत आहे असं मी समजतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, पाणी १० ते १५ अंशांपर्यंत थंड. खाली बारीक अक्षरांत असतं, खोलीचं तापमान २५ अंश असताना. जबलपुरात मे महिन्यात २५ अंशांची खोली कुठून आणायची? दुपारी स्वयंपाकघर ४०-४२ वर असतं. बेचाळीसमधून अठरा वजा करा. चोवीस. हे यंत्र बिघडलेलं नाही. ते आपलं काम इमानाने करतंय.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पाना आणि स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि थर्मामीटर घ्या. स्वयंपाकघरात वापरायचा, लांब दांडीचा डिजिटल मिळतो तो. तापाचा थर्मामीटर नको. त्याची धाव बेचाळीसच्या आसपास संपते, आणि काचेचा असेल तर लाल नळाखाली फुटेल. घेतल्यावर एकदा तपासून बघा. बर्फ घातलेल्या पाण्यात शून्याच्या जवळ दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात १०० नाही, ९८ आणि ९९ च्या मधे. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, आपल्याकडे पाणी थोडं आधीच उकळतं. मुंबईच्या मंडळींनी शंभर धरावं.

आता तीन आकडे लिहून काढा. एक, यंत्राजवळच्या हवेचं तापमान. दोन, जारमधल्या पाण्याचं. तीन, निळ्या नळाच्या पाण्याचं. पण यंत्र तीन-चार तास न वापरता चालू राहिलेलं हवं. सकाळी उठल्याउठल्या मोजलं तर सगळ्यात बरं. नळ सोडल्यावर पहिला पेला बाजूला ठेवा, कारण नळीत अडकलेलं पाणी खोलीच्या तापमानाचं असतं. दुसऱ्या पेल्यात मोजा. थर्मोइलेक्ट्रिक यंत्रात हवेचा आकडा आणि नळाचा आकडा यांतला फरक पंधरा-अठराच्या वर असेल, तर दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. फरक सात-आठच असेल, तर खरंच काहीतरी बिघडलंय. कॉम्प्रेसरवालं यंत्र मात्र खोली तापली म्हणून एवढं हार मानत नाही. सकाळच्या मोजणीत त्याने दहा-बारा अंश दाखवायलाच हवेत. तिथे वीस आले तर तक्रार खरी.

त्या नेपियर टाऊनच्या घरी फरक नऊ अंश आला. म्हणजे दोन गोष्टी एकत्र होत्या. जबलपूर तापलं होतं हे खरंच, आणि यंत्रातही दोष होता. मागचा पंखा फिरत होता, पण पट्ट्यांमधे धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर असा बसला होता की हवा पलीकडे जातच नव्हती. गरम बाजूची उष्णता बाहेर पडली नाही की ती त्या चौकोनातून उलटी पाण्याकडे येते. प्लग काढला, मऊ ब्रशने आणि फुंकणीने पट्ट्या साफ केल्या. शिवाय यंत्र भिंतीला टेकून, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवलेलं होतं. ते बैठकीच्या खोलीत हलवलं, जिथे कूलर चालतो. मागे वीतभर जागा सोडली. कूलरमुळे त्या खोलीची हवा ३१-३२ अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या नळाला १५ अंश आले. खर्च शून्य. माझी फी म्हणून चहा आणि चकली.

पंखा फिरतच नसेल तर पंखा बदलायचा. तो स्वस्त असतो. पंखा फिरतोय, पट्ट्या स्वच्छ आहेत, आणि तरी पट्ट्या जराही कोमट लागत नसतील, तर चौकोन किंवा त्याला वीज पुरवणारा भाग गेलाय. हेही बदलता येतात. पण हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, कारण चौकोन बसवताना दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणारी पेस्ट पातळ आणि सारखी लावावी लागते.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मे महिन्यात हे यंत्र चोवीस अंशांचं पाणी देणार असेल, तर आजीच्या काळातला माठ काय वाईट? अजिबात वाईट नाही. उलट, मी हिशोबच मांडतो. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं, आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. माठातलं शंभरातलं एक भाग पाणी उडालं, की बाकीचं साडेपाच-सहा अंशांनी उतरू शकतं. इतकी ताकद आहे बाष्पीभवनात. त्याची मर्यादा हवेच्या कोरडेपणावर ठरते. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात चांगल्या, नव्या, वाऱ्याच्या जागी ठेवलेल्या माठात पंचविसेक मिळतात. म्हणजे विजेवरचं थर्मोइलेक्ट्रिक यंत्र आणि कुंभाराकडचा माठ, दोघे जवळपास बरोबरीत. पण पाऊस सुरू झाला की चित्र उलटतं. जुलैत हवा तीस अंश आणि ऐंशी टक्के दमट. माठाचं पाणी सत्तावीसच्या खाली जायला तयार नसतं, आणि हेच यंत्र तेव्हा बारा-तेरा अंशांचं पाणी देतं. मे महिन्यात ज्याला शिव्या दिल्या, त्याचंच जुलैत कौतुक. कोकणात माठ का फारसा गार होत नाही आणि विदर्भात का होतो, तेही यातच आलं.

त्यामुळे ज्यांच्याकडे थर्मोइलेक्ट्रिक यंत्र आहे आणि घरात कूलरची खोली नाही, त्यांना मी सरळ सांगतो, दोन महिने माठ भरा. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. उन्हाळ्यात त्यांना तहान उशिरा कळते, आणि कोमट पाणी पुढे आलं तर पेला तसाच राहतो. पाणी दहा अंशांचं असण्याची काही गरज नाही. ते प्यावंसं वाटावं इतकं गार हवं.

वेळेचाही एक हिशोब आहे. जारमधलं पाणी ३३ अंशांचं आहे. त्यातलं एक लिटर १३ अंशांवर आणायचं, तर सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. शंभरेक वॅटने उष्णता खेचणाऱ्या कॉम्प्रेसरला याला पंधरा मिनिटं लागतात. वीस-बावीस वॅटने खेचणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक यंत्राला तास तरी. पाहुणे आले, सहा पेले पाठोपाठ भरले, आणि सातवा पेला कोमट आला, तर यंत्राला दम घेऊ द्या. रिकामा जार काढून उन्हात राहिलेला नवा जार चढवला, तर पहिला तासभर तक्रार करू नका.

आता कॉम्प्रेसरवाल्या यंत्राबद्दल. इथे गॅस असतो, आणि ‘गॅस संपला’ हे वाक्य इथेही सर्रास ऐकू येतं. हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधे तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. त्यामुळे कोणी गॅस भरायचा म्हटला तर आधी विचारा, गळती कुठे आहे? आर-६००ए असेल तर आणखी सावध राहा. तो पेट घेणारा वायू आहे. घराच्या बंद खोलीत त्याच्या नळ्यांवर झाळकाम करू देऊ नका.

पण गॅसपर्यंत जाण्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर एकदम सुरू होतात आणि दाब पडतो. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, ‘टक्’ असा आवाज येतो, दोन-चार मिनिटांनी पुन्हा ‘टक्’. ही गॅसची खूण नाही. एक तर व्होल्टेज कमी आहे, किंवा कॉम्प्रेसरच्या कुशीतला रिले अथवा ओव्हरलोड गेलाय. ते छोटे आणि कमी किमतीचे भाग आहेत. सकाळी, व्होल्टेज चांगलं असताना यंत्र नीट चालत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. वीज जाऊन आली तर तीन-चार मिनिटं थांबून मग बटण लावा. आणि यंत्र आडवं करून टेम्पोतून आणलं असेल, तर उभं केल्यावर काही तास, जमलं तर रात्रभर, तसंच राहू द्या. आतलं तेल खाली बसायला वेळ लागतो.

एक बारीकशी गोष्ट, जी मला वरचेवर सापडते. जार काढलात की वरच्या भांड्यात प्लास्टिकची एक चकती दिसेल, मधे नळी असलेली. ती वरचं साधं पाणी आणि खालचं थंड पाणी वेगळं ठेवते. साफसफाई करताना ती काढतात, धुतात, आणि कधी उलटी बसवतात, तर कधी ओट्यावरच विसरतात. मग जारमधलं नवं गरम पाणी थेट थंड पाण्यात मिसळतं. कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, बिल वाढतं, पाणी थंड होत नाही. दोष कशातच नसतो, फक्त चकती मांडणीवरच्या डब्यामागे पडलेली असते.

उलटीही तक्रार येते. थंड नळाला पाणीच येत नाही. मागचा थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर फिरवलेला असतो, आणि टाकीत बर्फ धरलेला असतो. थंडीत हे जास्त होतं. काही तास बंद ठेवा, बर्फ वितळू द्या, थर्मोस्टॅट मध्यावर आणा. सुई किंवा सुरी घालून बर्फ फोडू नका. नळी फुटली तर मग खरोखरच गॅस जाईल.

आता लाल नळ. इथे कॉम्प्रेसरवाल्या आणि थर्मोइलेक्ट्रिक यंत्रांत फरक नाही. स्टीलची लिटरभराची टाकी, बहुतेक ५०० वॅटचं हीटर, आणि पाणी ८५-९० अंशांना पोचलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. जानेवारीत जारमधलं पाणी बारा अंशांचं असतं. ते नव्वदवर न्यायला ५०० वॅटला अकरा मिनिटं लागतात, मे महिन्यात आठ. ही झाली पूर्ण २३० व्होल्टची गोष्ट. दाब १७० व्होल्टवर आला तर हीटरची ताकद निम्म्यावर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. अकराची मिनिटं वीस होतात. आणि त्या टाकीतून चार कप, म्हणजे सहाशे मिलिलिटर, एकदम काढले, तर त्यांच्या जागी बारा अंशांचं पाणी येऊन बसतं. चारशे मिलिलिटर नव्वदचं आणि सहाशे बाराचं मिसळलं, तर त्रेचाळीस. पाचवा कप कोमट का, ते इथे आहे. आपला चहा पातेल्यातच उकळायचा असतो हे माझं जुनं मत आहे, पण ते राहू द्या.

पंधरा-वीस मिनिटं थांबूनही पाणी गरम होत नसेल, तर आधी यंत्रामागचं लाल बटण बघा. कित्येक घरांत ते उन्हाळ्यात बंद केलेलं असतं आणि थंडीत कोणाला आठवत नाही. बटण चालू असूनही पाणी गारच असेल, तर टाकी कोरडी असताना हीटर चालला आणि सुरक्षेचा कटआऊट उडाला असण्याची शक्यता मोठी. नवीन जार लावल्यावर लाल नळातून पाणी येईपर्यंत दाबून धरायचं, मगच गरम पाण्याचं बटण लावायचं, हा नियम पाळला तर हे होत नाही. कटआऊट पुन्हा बसवता येतो, पण तो झाकणाच्या आत असतो, त्यामुळे प्लग काढूनच आणि माहितगाराकडूनच. परत परत उडत असेल तर तो तुम्हाला काही सांगतोय. त्याला तारेने बायपास करणारा कारागीर आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ५०० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे १०६ ओहम येतो. कारागिराने मीटर लावून शंभराच्या आसपास दाखवला तर हीटर शाबूत आहे.

पाणी तापतंय, पण पूर्वीसारखं नाही, वेळ लागतो, आणि टाकीतून कुजबुज केल्यासारखा आवाज येतो, असं असेल तर क्षार साचलेत. भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांवर जो पांढरा संगमरवर दिसतो, तो म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट. तुमच्या टाकीतला पांढरा थर त्यांच्याच कुळातला. शहरात नर्मदेचं, परियटचं, खंदारीचं पाणी येतं, अनेक वसाहतींत बोअरचं. जारमधे कुठलं पाणी भरलंय त्यावर हा थर किती लवकर बसतो ते ठरतं. थर्मोस्टॅट टाकीच्या बाहेरून तापमान ओळखतो. आत थर बसला की त्याचा अंदाज चुकतो, आणि पाणी सत्तरवरच असताना तो वीज तोडू शकतो.

उपाय किराणा दुकानात मिळतो, लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात साधारण वीस ग्रॅम, अशा प्रमाणात दोन-तीन लिटर द्रावण करा. प्लग काढा, यंत्र थंड होऊ द्या, जुनं पाणी मागच्या बुचातून काढून टाका. द्रावण वर ओता आणि लाल नळातून ते येईपर्यंत नळ धरून ठेवा, म्हणजे गरम टाकी भरली. अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग मागचं बूच काढून रिकामं करा. निळा नळही सोडून द्या. त्यानंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, दोन्ही नळांच्या पाण्याची आंबट चव पूर्ण जाईपर्यंत. बोअरचं पाणी असेल तर तीन महिन्यांतून एकदा, नाहीतर सहा महिन्यांतून. सोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तिचं ऐका.

लाल नळाबद्दल एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरात सांगतो, विशेषतः जिथे तान्हं बाळ आहे. डब्याच्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेली सूचना अशी आहे, की पाणी उकळावं आणि ७० अंशांच्या खाली येण्याआधी त्यात पावडर मिसळावी, मग बाटली गार करून बाळाला द्यावी. लाल नळाचं पाणी उकळलेलं नसतं. नवं यंत्र ८५-९० देतं, क्षार धरलेलं यंत्र साठ-पासष्ट देतं, आणि पाचव्या कपाला त्रेचाळीस. हाताला तिन्ही गरमच लागतात. बाळासाठी पातेल्यात पाणी उकळा, ही सोय डिस्पेन्सरवर सोडू नका. आणि घरात रांगणारं मूल असेल तर लाल नळावरचं कुलूप कायम लावलेलं हवं. नव्वद अंशांचं पाणी क्षणात भाजतं.

शेवटी, दुरुस्तीवाल्याला फोन करायची वेळ आलीच, तर ‘पाणी थंड होत नाही’ एवढंच सांगू नका. असं सांगा: “यंत्र थर्मोइलेक्ट्रिक आहे, सकाळी खोली ३१, जार ३०, नळ २४, पंखा फिरतोय, मागून धूळ काढली आहे.” किंवा, “कॉम्प्रेसरचं आहे, टक् आवाज येतो, व्होल्टेज इतकं आहे.” असे आकडे ऐकल्यावर गॅस भरायची भाषा बहुतेक वेळा होत नाही. आणि झालीच, तर कोणता गॅस, मागच्या पट्टीवर कुठे लिहिलाय आणि गळती कुठे सापडली, हे तीन प्रश्न विचारा.

थर्मामीटर इथे टेबलावर ठेवलाय, मागच्या यंत्राचं झाकणही काढून ठेवलंय. पुढे येऊन बघा. तोवर प्रश्न घेऊ.